पोट्ट्यानं शिवी दिली अन् ओट्यावरचे सारे हसले

पत्र असं आलंय, नाव-गाव काढून देते:

"ताई नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. पाच एकर कोरडवाहू हाये, पऱ्हाटी अन् तूर. घरात सासू-सासरे, मालक, धाकटा दीर, मुलगी नऊ वर्षांची अन् मुलगा सहाचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत. आमच्या घरी शिवीशिवाय वाक्यच निंगत नाही. बैल वळला नाही तर शिवी, लाइन गेली तर शिवी, कापसाचा भाव पडला तर शिवी, अन् साऱ्या माय-भैनीवरच्या. मागच्या आठवड्यात पोट्ट्यानं खेळता खेळता बहिणीले मायवरून शिवी देली. दोघायची माय तर मीच. ओट्यावर चार माणसं बसले होते, सारे हसले, सासऱ्यानं त्याले पाच रुपये देले, म्हणे वाघ हाये पोट्टा. मी आतून आली अन् त्याले थापड हानली, तर मालक माझ्यावरच खेकसले, माणसाची जात हाये, बोलतेच, तू काऊन तमाशा करतं. सासूबाई म्हणे आम्ही मार खाल्ला, तू शब्दाचं घेऊन बसली. मालक दारू नाही घेत, हात नाही उचलत, दरवर्षी १२ जानेवारीले सिंदखेडराजाले जातात, गाडीवर जय जिजाऊ लिहिलेलं हाये, म्हणून मी कोणाले सांगूही शकत नाही, लोकं म्हणतीन सुखात हाये तरी रडते. आता शाळेतून मॅडमचा फोन आला की पोरगा वर्गात शिव्या देते. अन् पोरगी त्याले म्हणते, बायल्यावानी रडू नको. शेवटची गोष्ट, लपवून काय करू, परवा निंदणात भांडण झालं तर माझ्याच तोंडून शेजारणीले तो र वरचा शब्द निंगाला. तिचा नवरा तीन वर्षाआधी कर्जापायी गेला. तेव्हापासून मले झोप नाही. मले बोलायचा हक्क तरी हाये का?"

बाई, आधी हे ऐक, तू तमाशा केला नाही. त्या दिवशी त्या घरात नेमकं काय बोललं गेलं हे ऐकणारी तू एकटीच होती, बाकी चौघांनी फक्त पोरगं बोललं एवढंच पाहिलं. सहा वर्षांच्या लेकरानं नऊ वर्षांच्या बहिणीला मायवरून शिवी दिली म्हणजे ती माय तूच, तुझ्याच ओट्यावर, तुझ्याच सासऱ्यासमोर चार परक्या माणसांत तुझ्या अंगावरून बोललं गेलं अन् त्याचं बक्षीस म्हणून पाच रुपये मिळाले, आणि तू बाहेर आली तर तूच चुकली. मला तुझं पत्र वाचून राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

सासूबाई म्हणतात शब्दाचं काय घेऊन बसली. शब्दाचंच घ्यायचं असतं. दोन माणसं धुऱ्यावरून भांडतात, एकानं बांध फोडला म्हणून, आता त्या भांडणात कोणाच्याच मायचा काही संबंध नाही, ती बिचारी घरी चुलीपाशी किंवा दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं गेलेली, पण पहिला शब्द निघतो तो तिच्यावरून, मग बहिणीवरून, मग बायकोवरून. माणसाला लागावं म्हणून बाईला उघडं करायचं, कारण आपल्याकडे बाई म्हणजे त्या माणसाची इज्जत, त्याच्या मालकीची वस्तू, तिला धक्का लागला की त्याचा अपमान, तिचा तर विचारच नाही. अन् ज्या बोलण्यात माय-भैन येत नाही तिथं त्या माणसालाच बाई ठरवतात, बांगड्या भर, लुगडं नेस, बायल्या. तुझी पोरगी भावाला जे म्हणाली ते याच शाळेत शिकली. रडणं बाईचं काम अन् बाई असणं ही लाजेची गोष्ट, हे नऊ वर्षांच्या पोरीनं स्वतःबद्दलच मान्य करून टाकलं. मुलाच्या शिवीपेक्षा मला तुझ्या पोरीचं हे वाक्य जास्त लागलं, कारण मुलाला अजून अर्थ कळत नाही, पोरीला अर्धा कळून राहिलाय.

मालकाच्या मनात तसं काही नसेल हे मी मानते. मोटर चालू होत नाही म्हणून शिवी देणारा माणूस कोणत्या बाईचा विचार करत नसतो, तोंडाला सवय लागलेली असते. पण लेकरू ती सवयच तर पाहतं, त्याला कोणी बसवून शिकवलं नाही.

आता ते "माणसाची जात हाये, बोलतेच". हे खरं असतं तर कुठंही बोलले असते. उधारीवर बियाणं देणाऱ्या कृषी केंद्रवाल्यासमोर निघते का शिवी? बँकेत पीककर्जाच्या साहेबासमोर? तहसीलमध्ये? बहिणीच्या सोयरिकीसाठी पाहुणे आले तेव्हा दिवसभर एकाच्या तरी तोंडून निघाली का? गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसतात तेव्हा? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकताना त्याच बैलाशी किती मऊ बोलतात पहा, आज आवतण घ्या उद्या जेवायला या, अन् चार दिवसांनी डवऱ्याला जुंपला की त्याच्या मायचा उद्धार. म्हणजे जीभ आवरता येते, जिथं गरज वाटते तिथं ती बरोबर आवरली जाते. घरच्या बाईसमोर गरज वाटत नाही एवढीच गोष्ट आहे, जात-बित काही नाही.

तुला एक सांगते, आपल्या वऱ्हाडातल्याच बुलडाण्यात ताराबाई शिंदे नावाची बाई होऊन गेली, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क असलेल्या बापूजी हरी शिंद्यांची मुलगी. १८८१ मध्ये तिकडे सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारलं म्हणून फाशीची शिक्षा झाली, मग ती कमी करून काळ्या पाण्याची झाली, आणि पेपरांत बायका कशा वाईट, कशा चवचाल याच्यावर रकाने भरून आले. ते वाचून ताराबाईनं १८८२ मध्ये स्त्री-पुरुष तुलना हे पुस्तक छापलं. तिचं म्हणणं सरळ होतं की जे जे दोष तुम्ही बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, त्या विधवेला फसवणारा कुठं गेला, त्याचं नाव का निघत नाही. त्याच्यावरून तिच्यावर टीका झाली, जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेऊन लिहिलं, पण तिनं पुढं काही छापलेलं सापडत नाही. म्हणजे तू जे विचारून राहिली ते आपल्या वऱ्हाडातल्या एका बाईनं १४० वर्षांच्या वर झालं विचारून ठेवलंय. तू काही शहरातून नवीन खूळ आणलं नाही, हे घरी कोणी म्हटलं तर लक्षात ठेव.

आता काय करायचं ते. पोरापासून सुरू कर कारण तो सगळ्यात सोपा आहे.

थापड मारली ते झालं, आता पुन्हा नको. सहा वर्षांच्या लेकराला शब्दाचा अर्थ कळत नाही पण शब्दाचा असर बरोबर कळतो. तो एक शब्द बोलला तर चार मोठी माणसं हसली, आज्यानं पैसे दिले, माय धावत आली, बाप ओरडला, एवढं सगळं घर हलवणारा दुसरा कोणता शब्द त्याच्याकडे आहे? तो पुन्हा बोलणारच. म्हणून पुढच्या वेळी बोलला की आवाज न चढवता, त्याच्या उंचीला बसून, डोळ्यात पाहून सांग, "या शब्दात तुझ्या मायबद्दल घाण बोलतात, ती माय मी हाव, मले लागते, माझ्यासमोर हा शब्द नाही." बस एवढंच, आणि उठून कामाला लाग. त्या वेळी तो जे मागत होता, खाऊ, मोबाईल, जे असेल ते तेवढ्या वेळापुरतं मिळणार नाही. राग आला तर काय म्हणायचं तेही त्याला दे, नाहीतर लेकरू राग ठेवणार कुठं? "मले राग आला", "माझी गाडी दे", "तू चिटिंग केली" हे बोलायला शिकव. अन् काही जोरदारच पाहिजे असेल तर आपल्याकडे बह्याड आहे, बयताड आहे, गधड्या आहे, त्यात कोणाची माय-भैन येत नाही. आणि तो रडला तर त्याला रडू दे, पोरीसमोर रडू दे, आणि तिला तिथंच सांग की रडणं पोराचंही असतं. ते बायल्यावानी पोरीच्या तोंडून गेलं पाहिजे, पण तिला रागावून नाही, तिला विचार की बायल्यावानी म्हणजे कोणावानी, तुझ्यावानी का माझ्यावानी, मग आपण काय वाईट आहोत का. तिला विचार करू दे, ती हुशार दिसते.

शाळेतल्या मॅडमला फोनवर नको, जाऊन भेट. माझ्या पोराला वर्गात उभं करून बोलू नका, साऱ्या वर्गाशी बोला असं सांग, कारण तो एकटा देत नसेल, पहिलीतली आणखी पोरं देत असतील. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका पाहिजेत असं शिक्षण हक्क कायद्यातच आहे, तुमच्या शाळेत कोण आहेत ते विचार अन् हा विषय बैठकीत घ्यायला लाव.

मालकाशी बोलायचं ते ओट्यावर नाही, सासऱ्यासमोर तर मुळीच नाही. बापासमोर बायकोनं चूक काढली की माणूस चुकीचा विचार करत नाही, फक्त स्वतःची बाजू राखतो. वावरात बोल, दुपारी शिदोरी सोडून बसता तेव्हा, दोघंच असताना, ज्या दिवशी लाइन टिकून आहे अन् कोणाचा तगादा आलेला नाही अशा दिवशी. सिंदखेडराजाचं बोल, पण टोमणा म्हणून बोलू नको, मनापासून बोल. "तुम्ही दरवर्षी जाता, गाडीवर जिजाऊचं नाव आहे, मले त्याचा अभिमान वाटते. पोट्ट्यानं त्या दिवशी जी शिवी देली त्यात माय कोण होती? मीच होती ना? अन् सारे हसले तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूनं होते?" एवढं विचारून गप्प बस. उत्तर लगेच येणार नाही, आलं तरी चिडून येईल, येऊ दे. मग एकच गोष्ट माग, दहा नको. घरात लेकरांसमोर माय-भैनीवरून बोलायचं नाही आणि पोरगं बोललं तर हसायचं नाही. शिव्याच सोडा असं म्हटलं तर ते होणार नाही अन् चार दिवसांत तूही हरशील. सुटली तोंडून तर सुटली, पण लेकरासमोर लगेच "चुकलं" म्हणायचं, पोरगं ते "चुकलं" सुद्धा ऐकतं.

पाच रुपयांचं मात्र मालकानंच बापाला सांगितलं पाहिजे, ते तू सांगू शकत नाहीस आणि सांगायला जाऊ नको. सासरे बदलतील असं मी म्हणत नाही, साठ-पासष्ट वर्षांची जीभ आहे. पण त्यांनी शिवीवर पैसे देणं बंद केलं तरी पुष्कळ झालं, कविता म्हटली तर द्या म्हणावं, बैलाला पाणी पाजलं तर द्या.

अन् सासूबाई. त्यांचं वाक्य तुला लागलं, लागणारच, पण ते पुन्हा एकदा ऐक, "आम्ही मार खाल्ला". त्या बाईनं तुला हे सांगितलं. किती वर्षं कोणाला सांगितलं नसेल. संध्याकाळी भाकरी टाकताना किंवा तूर निवडताना त्यांना विचार की तुम्हाला काय काय म्हणत होते, कोण म्हणत होतं, तुमची माय ऐकत होती का. सल्ला नको देऊस, ऐक नुसतं. मुलगा लवकर झाला नसेल तर वांझ म्हटलं असेल, घरात काही वाईट घडलं असेल तर पांढऱ्या पायाची म्हटलं असेल, आपल्याकडच्या त्या वयाच्या कोणत्याही बाईला विचार, एकीच्याही पदरी हे शब्द नाहीत असं होणार नाही. ज्या दिवशी त्या बोलतील त्या दिवशी त्या घरात तू एकटी राहणार नाहीस. आणि सासऱ्याला त्या एकट्याच गप्प करू शकतात हे तुलाही माहीत आहे.

आता जरा वेगळ्या गोष्टीवर येते पण ती याच्याच पोटातली आहे आणि मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या घरांत बाईच्या अंगाची नावं पोरांच्या कानावर पडतात ती फक्त शिव्यांतून. दुसरीकडं कुठं ती घेतलीच जात नाहीत. म्हणून होतं काय की बाईला खरंच काही दुखायला लागलं तर तिच्याकडे शब्दच नसतो, शब्द आहे तो शिवीतला, तो डॉक्टरसमोर कसा घेणार? मग आशाताईला सांगायचं तर "अंगावरून जाते", "खालच्या जागी त्रास हाये", "अडचण हाये", आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात माणूस डॉक्टर असला तर तेवढंही नाही, डोकं दुखते म्हणून गोळ्या घेऊन परत. कपडा खराब होतोय, खाज आहे, गाठ लागून राहिली आहे, रक्त जास्त जातंय, महिनो महिने बायका अंगावर काढतात. सगळं काही लाजेनंच होतं असं नाही, पैसा नाही, वेळ नाही, वेचणी चालू आहे, पण लाज त्यात मोठी आहे अन् ती लाज या शिव्यांनीच दिलेली आहे. जे अंग रोज घाण म्हणून ओरडलं जातं त्याच्याबद्दल चांगल्या तोंडानं बोलणार कसं.

तुझी पोरगी नऊची आहे. दोन-तीन वर्षांत, कदाचित त्याच्याही आधी, तिची पाळी येईल. तिला आधी सांग, नंतर नाही. कावळा शिवला, बाहेर बसली हे काही नको, पाळी म्हण, मासिक पाळी म्हण, रक्त कुठून येतं, का येतं हे सांग, पॅड की सुती कापड, कसं धुवायचं, उन्हात का वाळवायचं. चक्रधरस्वामींनी १३व्या शतकात बाईच्या पाळीचा विटाळ मानायला नकार दिला होता, त्यांच्या पंथात बायका शिष्या होत्या, त्यातल्या महदंबेला मराठीतली पहिली कवयित्री मानतात, अन् त्या पंथाचं रिद्धपूर आपल्या अमरावती जिल्ह्यात आहे. मग आपण आज पोरीला कोपऱ्यात का बसवायचं? आणि दोन्ही लेकरांना, मुलालाही, आंघोळ घालताना अंगाची सरळ नावं सांग, योनी, लिंग, छाती, लघवीची जागा, संडासची जागा, जसं नाक-कान सांगतो तसं. उद्या कोणी नको तिथं हात लावला तर लेकराला सांगता आलं पाहिजे. लहान मुलांवरच्या अत्याचारासाठी २०१२ पासून पॉक्सो कायदा आहे, १०९८ नंबर आहे, पण लेकराच्या तोंडात शब्दच नसेल तर तो फोन कोण कशाला करणार? शिवी ऐकू आली की त्यांना कळलं पाहिजे, अरे हे तर अंगाचं नाव आहे, याच्यात हसण्यासारखं काय.

आता तुझा शेवटचा प्रश्न, ज्याच्यामुळे तुला झोप नाही. हक्क आहे का. आहे. तुझ्या तोंडून तो शब्द निघाला म्हणून ओट्यावर तुझा जो अपमान झाला तो कमी होत नाही. पण शेजारणीचं तुला करावं लागेल, ते सोडून चालणार नाही.

ती बाई रोज काय ऐकत असेल याचा विचार कर. नवरा कर्जापायी गेला, सावकार अन् बँक दोन्हीची माणसं दारात, अन् गाव तिला ज्या शब्दानं ओळखतं तोच शब्द भांडणात दुसरी बाई तोंडावर फेकते. तिच्यासाठी ती नुसती शिवी नव्हती, तिची हालत होती जी तू साऱ्यांसमोर बोलून दाखवली. तू हे जाणतेस, म्हणूनच तुला झोप नाही. तर शब्द साऱ्यांसमोर गेला तसा माफीही साऱ्यांसमोर गेली पाहिजे. तिच्या घरी एकटीत जाऊन हळूच माफी मागितली तर तुझं मन हलकं होईल पण तिचं काही होणार नाही, बाकी बायकांच्या मनात तो शब्द तसाच राहील. पुढच्या वेळी निंदणाला जाल तेव्हा, दुपारी साऱ्या जेवायला बसल्या की म्हण, "त्या दिवशी मी हिले जे म्हटलं ते खूप वाईट होतं, भांडण धुऱ्याचं असो का पाण्याचं, तो शब्द मी पुन्हा कोणत्याच बाईले बोलणार नाही." मग गप्प बस. तिनं बोललं नाही तरी चालेल, उठून गेली तरी चालेल, लगेच "झालं ना आता" म्हणून तिच्या मागं लागू नको. संक्रांतीला हळदीकुंकवाला तिला बोलव, पण आधी विचार की यायला आवडेल का, कारण साऱ्यांसमोर आपल्यावर उपकार करून राहिले असं तिला वाटायला नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या ग्रामपंचायतीनं केलाय का ते विचार.

ग्रामपंचायतीवरूनच सांगते, शिव्यांवरही एका गावानं ठराव केलाय. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातलं सौंदाळा, तिथल्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवलं की माय-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. दंडानं जीभ सुधारते यावर माझा फार विश्वास नाही, घराच्या आत कोण पावती फाडणार, अन् गरिबाकडून वसूल होईल, मोठ्याकडून होणार नाही ही भीती मला आहेच. पण साऱ्या गावानं एका जागी बसून, सरपंचासमोर, हे मोठ्यानं बोललं की या शिव्या बाईचा अपमान आहेत, याची किंमत फार मोठी आहे. तुझ्या गावात ते आजपर्यंत कोणी बोललंच नसेल. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे, बऱ्याच गावांत ती कागदावरच होते, रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतात. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आधीचे ग्रामसेवक) जाऊन विचार की महिला सभा कधी आहे. एकटी जाऊ नको, बचत गटातल्या दोघी-तिघी घे. दंडाचा ठराव नसेल जमत तर एवढाच मांडा की शाळेच्या आवारात अन् ग्रामसभेत माय-भैनीवरून कोणी बोलणार नाही. एवढ्याला नाही म्हणायला कोणालाही लाज वाटेल.

कायद्याचं थोडक्यात सांगते कारण आज तुला त्याची गरज दिसत नाही, पण माहीत असावं. हात उचलत नाहीत हा उपकार समजू नको. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणीसोबत तोंडानं केलेला छळही आहे, शिव्या, अपमान, टोमणे, मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून बोलणं हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. उद्या शिवी मोटरीवरून तुझ्यावर वळली, रोजची झाली, तर महिला हेल्पलाइनच्या १८१ ला फोन कर किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, महिला बालविकासच्या ऑफिसात चौकशी केली की कोण आहेत ते कळतं. अंगावर धावून आले तर पोलिसांचा ११२. आणि बाहेरच्या कोणी, रस्त्यात, वावरात, तुझ्या इज्जतीला लागेल असं मुद्दाम बोललं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

अजून एक, ही गोष्ट मालकांना सांगायला चांगली आहे. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांच्या नावात सरकारी कागदावर मायचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालंय, आधी लेकराचं नाव, मग मायचं, मग बापाचं, मग आडनाव. तुझी दोघं त्याच्या आधीची आहेत, त्यांना सक्ती नाही. पण वहीवर, दप्तरावर लिहायला कोण अडवतं? पोराला आज संध्याकाळी वही घेऊन बसव आणि त्याचं पूर्ण नाव लिहायला लाव, मध्ये तुझं नाव घालून. पहिलीतलं लेकरू आहे, अक्षरं वेडीवाकडी येतील, तुझ्या नावातलं जोडाक्षर असलं तर चुकेल, पोरीला म्हणावं तू शिकव त्याला.

घाई करू नको. मालकांशी बोलायला आठ दिवस लागले तरी चालतील, पण निंदणातली माफी पुढं ढकलू नको. सासूबाई काय बोलल्या ते मला लिहून पाठव, छापायचं नाही म्हटलं तर छापणार नाही.